ओळख पटवून देणारे सर

"लॉगिन होत नाहीये." सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या कानावर हे वाक्य रोज पडतं. कोणीतरी अडलंय एवढंच त्यातून समजतं. कुठे अडलं, कशाने अडलं, कोणाच्या चुकीने अडलं, यातलं काहीच समजत नाही. तरीही बहुतेक ठिकाणी पुढचं उत्तर ठरलेलं असतं: "पासवर्ड चुकला असेल, नीट टाक." आमच्या सरांच्या तोंडून हे उत्तर मी कधी ऐकलं नाही. ते खुर्ची ओढून शेजारी बसायचे आणि म्हणायचे, "काय दिसलं ते सांग. काय वाटतं ते नंतर." आज लिनक्सच्या सर्व्हरवर माझं पोट चालतं, त्याचं मूळ या वाक्यात आहे. हे ऋण मला लिहून ठेवायचं आहे.

सर खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या कामात, संगणकाच्या बाजूला, उमेदीची वर्षं काढून नारायणगावात स्थायिक झाले होते. आठवड्यातले काही दिवस ते आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये येत. लॅबमध्ये एकच सर्व्हर होता. बाकीची यंत्रं जुनी, नुसती खिडकी म्हणून ठेवलेली. त्यांच्यावर पुटी नावाचा प्रोग्रॅम उघडायचा, सर्व्हरचं नाव द्यायचं, मग आपलं युजरनेम आणि पासवर्ड. पन्नास-साठ मुलं एकाच वेळी त्या एका यंत्रावर काम करायची, आणि प्रत्येकाला वाटायचं की यंत्र आपल्या एकट्याचंच आहे. युनिक्सची ही करामत 1969 सालापासूनची. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ती उभी केली, हे मला पहिल्यांदा सरांनीच सांगितलं.

माझं गाव आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला. वडील भात लावायचे आणि हंगामात हिरडा गोळा करून विकायचे. घोडेगावला येणारी एसटी चुकली की दिवस गेला. आमच्या भागातल्या आम्हा तिघांचा प्रवेश उशिरा झाला होता, त्यामुळे आमची खाती नंतर, एका जुन्या यादीवरून उघडली गेली. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली.

2007 च्या मार्चमध्ये प्रात्यक्षिक परीक्षा होती. सर्व्हर नुकताच नव्या यंत्रावर हलवला होता. मी पासवर्ड टाकला. पडद्यावर आलं: अ‍ॅक्सेस डिनाइड. पुन्हा टाकला, तेच. कॅप्स लॉक पाहिलं, बोट ठेवून एकेक अक्षर टाकलं, तरी तेच. माझ्याबरोबरच्या दोघांचंही तसंच झालं. बाकीचा सगळा वर्ग आत गेलेला. लॅबमध्ये देखरेखीला जे होते त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "पासवर्ड काय ठेवला होतास, मोठ्याने सांग." मागून कोणीतरी बोललं, "डोंगरातल्या पोरांच्या लक्षात नाही राहत." माझे कान तापले. पासवर्ड मला पाठ होता. पण यंत्र नाही म्हणत होतं, आणि यंत्र आणि मी यांत लोक यंत्रावर विश्वास ठेवणार, हे तेव्हाही कळत होतं.

तेवढ्यात सर आले. त्यांनी आधी एकच गोष्ट सांगितली: "पासवर्ड कोणाला सांगायचा नाही. मी मागितला तरी नाही." मग म्हणाले, "पुन्हा टाक," आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. वयाने, मानाने एवढा मोठा माणूस माझी बोटं दिसू नयेत म्हणून भिंतीकडे तोंड करून उभा आहे, हे दृश्य मी आयुष्यभर विसरणार नाही.

पुन्हा नकार आला. सर सर्व्हरपाशी गेले, रूट म्हणून, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याने, आत शिरले आणि सिक्युअर नावाची लॉगफाइल उघडली. आत येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाची नोंद तिच्यात पडत असते. शेवटच्या ओळींत माझं नाव होतं आणि पुढे कारण: या युजरला प्रवेश नाही, कारण तिचं शेल, टीसीएसएच, या यंत्रावर अस्तित्वातच नाही.

शेल म्हणजे आत गेल्यावर आपले हुकूम ऐकून घेणारा प्रोग्रॅम. पासवर्डच्या फाइलमध्ये प्रत्येकाची एक ओळ असते, आणि त्या ओळीच्या शेवटी त्याचं शेल कोणतं ते लिहिलेलं असतं. जुन्या यादीत तिथे टीसीएसएच होतं. बर्कलीत बिल जॉय यांनी लिहिलेल्या सी-शेलचा हा पुढचा अवतार. खगोलशास्त्राच्या जुन्या सॉफ्टवेअरमुळे त्या क्षेत्रातल्या लोकांना त्याची सवय होती, म्हणून सरांच्या ते चटकन ध्यानात आलं. नव्या यंत्रावर ते कोणी बसवलंच नव्हतं. बाहेरच्या यंत्रावरून येणाऱ्याला आत घेणारं एसएसएच दारातच तपासतं की या माणसाचं शेल जागेवर आहे का. नसेल तर पासवर्ड कितीही बरोबर असो, त्याला नाकारतं. आणि बाहेर उभ्या असलेल्याला शेलबद्दल चकार शब्द सांगत नाही. चुकीच्या पासवर्डला जो संदेश, तोच इथेही.

सरांनी युजरमॉडची एक कमांड देऊन तिघांच्याही ओळीत बॅश हे दुसरं शेल लिहिलं. मी आत गेले. सर वर्गाकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हिचा पासवर्ड पहिल्यापासून बरोबर होता. या दोघांचाही." एवढंच. कोणाला रागावले नाहीत. पण ते वाक्य त्यांनी मोठ्याने उच्चारलं, हे माझ्यासाठी परीक्षेच्या गुणांहून मोठं होतं.

पुढे मी त्यांच्या हाताखाली शिकू लागले तेव्हा विचारलं, "सर, सर्व्हर खरं कारण का सांगत नाही?" ते म्हणाले, "बाहेर उभा आहे तो घरचा की चोर, हे त्याला अजून ठाऊक नसतं. नाव चुकलं की पासवर्ड, हे सांगितलं तर चोराला निम्मा पत्ता मिळाला. म्हणून तो दोघांना एकच उत्तर देतो आणि खरं आत लिहून ठेवतो. आत जाऊन ते वाचणं हे आपलं काम. आपण वाचलं नाही, तर घरचा माणूस चोर ठरतो." या विषयावरची पुस्तकं मी नंतर पुष्कळ वाचली. इतकं नेमकं उत्तर मला कुठे सापडलं नाही.

त्यांची पद्धत ठरलेली होती. एकालाच अडचण आहे की सगळ्यांना, हा पहिला प्रश्न. सगळ्यांना असेल तर खात्यांना हात लावायचा नाही. तेव्हा यंत्र बंद होताना ईटीसीमध्ये नोलॉगिन नावाची फाइल तयार व्हायची. बंद होणं अर्धवट राहिलं तर ती तशीच पडून राहायची, आणि रूट सोडून सगळ्यांना दार बंद. फाइल काढली की काम झालं. एकालाच असेल तर त्याचं खातं लॉक झालंय का ते पाहायचं, आणि मुदत संपलीय का ते चेजच्या कमांडने. पासवर्डऐवजी किल्लीची फाइल वापरून येणारा असेल तर त्याच्या होम डिरेक्टरीचे अधिकार पाहायचे. ती इतरांना लिहिण्यासाठी उघडी असेल तर एसएसएच त्या किल्लीवर विश्वास ठेवत नाही, आणि ते बरोबरच आहे.

मग दुसरा प्रश्न: पासवर्डच्या आधी अडला की नंतर? पासवर्ड विचारायलाच वेळ लागत असेल तर बहुधा सर्व्हर येणाऱ्याचा पत्ता डीएनएसला विचारत बसलेला असतो आणि तिकडून उत्तर येत नसतं. पडद्यावरचं चित्रमय लॉगिन पासवर्ड घेतं, क्षणभर काळं होतं आणि पुन्हा तिथेच येतं, तेव्हा सर आधी डीएफ चालवून डिस्क भरली आहे का ते बघत. आत येणाऱ्याच्या नावाने लिहायची छोटीशी फाइलसुद्धा मावली नाही तर सत्र सुरूच होत नाही. आणि पासवर्ड घेतल्यावर नुसतंच थांबून राहत असेल तर होम डिरेक्टऱ्या दुसऱ्या यंत्रावर आहेत का, ते यंत्र चालू आहे का, ते बघायचं. भारनियमनाच्या दिवसांत हे फार व्हायचं. सर्व्हर यूपीएसवर तग धरून असायचा, पण ज्या यंत्रावरून एनएफएसने घरं येत ते पलीकडच्या खोलीत अंधारात असायचं. ओळख पटायची, पण माणसाला न्यायचं कुठे ते यंत्राला सापडायचं नाही.

एक शिस्त मात्र त्यांनी कधीच मोडू दिली नाही. एसएसएचची सेटिंग बदलायची असेल तर रूटचं एक सत्र आधीच उघडं ठेवायचं, ते बंद करायचं नाही. बदल केल्यावर फाइल बिनचूक आहे का ते तपासून घ्यायचं, सेवा पुन्हा सुरू करायची, आणि दुसऱ्या खिडकीतून नवं लॉगिन करून पाहायचं. ते साधल्याशिवाय पहिलं सत्र सोडायचं नाही, नाहीतर आपणच बाहेर अडकू. खोडदसारख्या ठिकाणी राहिलेल्या माणसाला ही सावधगिरी अंगवळणी पडलेली असणार.

एका 28 फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी खोडदची दुर्बीण लोकांसाठी खुली असते तेव्हा, ते आम्हाला तिथे घेऊन गेले. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. त्यातल्या 14 मधल्या भागात, बाकीच्या 16 तीन दिशांना फाकलेल्या, सगळ्यात लांबच्या दोन तबकड्यांमध्ये सुमारे 25 किलोमीटरचं अंतर. पत्र्याऐवजी ताणलेल्या तारांची जाळी वापरून तबकड्या हलक्या आणि स्वस्त करायच्या, ही गोविंद स्वरूप यांची कल्पना. 2001 साली ही दुर्बीण राष्ट्राला अर्पण झाली. शाळकरी मुलांची रीघ लागली होती. सर म्हणाले, "जगभरचे खगोलशास्त्रज्ञ इथला वेळ मागतात. एखाद्याला मोजके तास मिळतात. त्या तासांत तो लॉगिनपाशी अडला तर तारा काही थांबत नाही." आमच्या तालुक्यात गिरवलीला आयुकाची 2 मीटरची प्रकाशीय दुर्बीण 2006 मध्ये सुरू झाली होती, तीही त्यांनी मला नकाशावर बोट ठेवून दाखवली. जुन्नर आणि आंबेगाव, दोन्हीकडून आकाश पाहिलं जातं हे मला माझ्याच मुलखात राहून ठाऊक नव्हतं. त्या दिवशी घरी परतताना आपला भाग मला प्रथमच मोठा वाटला.

सरांच्या घरी जेवायला बसलो की ते जुन्या गोष्टी काढत. त्यातली एक मला फार आवडते. एमआयटीमध्ये 1961 साली फर्नांडो कोर्बातो यांच्या गटाने सीटीएसएस ही अनेकांनी एकत्र वापरायची यंत्रणा दाखवली. संगणकावर पासवर्ड रुजला तो तिथून. त्या दशकातच एका संध्याकाळी लॉगिन करणाऱ्या प्रत्येकासमोर रोजच्या सूचनेऐवजी सगळ्यांच्या पासवर्डांची यादी छापून येऊ लागली. दोन जण एकाच वेळी दोन फाइली दुरुस्त करत होते, एक सूचनेची, एक पासवर्डची. एडिटर मात्र दोघांसाठी एकाच नावाची तात्पुरती फाइल वापरत होता, आणि दोन्हींची अदलाबदल झाली. पुढे युनिक्सने पासवर्ड जसाच्या तसा ठेवणंच सोडलं. 1979 साली रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी लेख लिहून सांगितलं की पासवर्डचं उलट न फिरणारं रूप ठेवावं, आणि त्यात प्रत्येकासाठी वेगळं मीठ मिसळावं, म्हणजे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी फाइलमध्ये तो वेगळा दिसेल. काकू भाकरी वाढता वाढता म्हणायच्या, "मीठ इथंही हवंय का बघा." सर हसायचे आणि पुढे सांगायचे, "म्हणजे आता रूटलाही तुझा पासवर्ड माहीत नसतो. मग तो मोठ्याने विचारायचा अधिकार कोणाला उरला?"

त्यांनी माझ्याकडून कधी पैसा घेतला नाही. वडील एकदा हिरड्याची पिशवी घेऊन आले, ती मात्र त्यांनी दोन्ही हातांनी घेतली. तेव्हापासून दोघांचं जमलं. हिरड्याच्या भावाची, पावसाची, भाताच्या रोपांची चौकशी सुरू झाली.

आता मी ज्या संस्थेत काम करते तिथेही पश्चिमेकडून मुलं येतात. मोबाइलवर ओटीपी येतो, पण वाडीत रेंज नसते, आणि ती घाटाखाली उतरेपर्यंत ओटीपी शिळा झालेला असतो. म्हणून आमच्या सर्व्हरवर मी एसएमएस ठेवलाच नाही. दर 30 सेकंदांनी बदलणारा आकडा मोबाइलमधलं अ‍ॅप स्वतःच काढतं, त्याला रेंज लागत नाही. सर्व्हरही तोच आकडा त्याच गणिताने काढतो आणि दोन्ही जुळवून बघतो.

सर आता थकले आहेत. फोनवर ऐकू कमी येतं, तरी रविवारी फोन करतात आणि आठवड्यात कोणाचं काय अडलं ते विचारतात. मागच्या रविवारी मी सांगितलं, एका मुलीचा पासवर्ड बरोबर, आकडा बरोबर, तरी लॉगमध्ये नकार.

"घड्याळ पाहिलंस?"

"पाहिलं सर. तिच्या मोबाइलचं घड्याळ चार मिनिटं मागे होतं. रेंज नाही, म्हणून आपोआप लागत नव्हतं. हाताने लावून दिलं."

"मग आत गेली ना ती?"

"गेली, सर."

"वर्गासमोर सांगितलंस, तिचं चुकलं नव्हतं म्हणून?"

"सांगितलं."

"बरं केलंस. वडिलांना फोन दे जरा, यंदा हिरड्याला काय भाव निघालाय ते विचारायचंय."