पापडीच्या वाटेवर श्वासाचा पहिला धडा

वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेला उतरून वसई गावाची वाट धरलीत, की मध्ये पापडी लागते. तळे आणि अवर लेडी ऑफ ग्रेस चर्च या येथल्या ओळखीच्या खुणा. एकेकाळी या पट्ट्यात केळीच्या नि पानवेलींच्या बागा होत्या. आता इमारतींची दाटी झाली आहे. तरी सकाळी तळ्याकाठी घटकाभर बसावे.

येथून उत्तरेला सोपारे. तेथला ‘बुरुड राजाचा कोट’ हा ढिगारा पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये खणला, तेव्हा बौद्ध स्तूप निघाला. बुद्धांच्या शिकवणीत ध्यानाची एक सुरुवात अगदी साधी आहे: येणारा-जाणारा श्वास पाहायचा. तिला आनापान म्हणतात. इगतपुरीच्या धम्मगिरीत १९७६ पासून भरणाऱ्या दहा दिवसांच्या शिबिरांत पहिले तीन दिवस हेच काम असते. मुंबईचे ख्रिस्ती धर्मगुरू अँथनी डिमेलो यांनीही १९७८ च्या ‘साधना’ पुस्तकात श्वासाचे अभ्यास दिले आहेत. धर्म कोणताही असो, श्वास सर्वांचा सारखाच.

नवख्याने काय करावे? मांडी घालून किंवा खाटेवर पाठ सरळ ठेवून बसा. डोळे मिटा. श्वास ओढू नका, कोंडू नका. नाकपुडीशी हवा आत येताना गार लागते, जाताना कोमट, तेवढेच पाहा. चार श्वास होतात न होतात तोच मन पळते: सोसायटीचा हप्ता, पावसाने दिलेली ओढ, मुलीचे लग्न. रागावू नका. बैल बांधाकडे वळला की आपण कासरा हलकेच ओढून त्याला तासावर आणतो, तसे मनाला श्वासावर आणा. पन्नास वेळा गेले, पन्नास वेळा आणा. हे परत आणणे हाच खरा अभ्यास.

श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात; म्हणून संथ श्वासाने जीव शांतावतो. मात्र दम्याचे किंवा रक्तदाबाचे औषध बंद करू नका, आणि बसल्यावर घाबरल्यासारखे झाले तर डोळे उघडून उठा.

श्वास पाहून कर्ज फिटत नाही, की पाऊस पडत नाही. पण काळजीने रात्र जागून काढलेल्या माणसापेक्षा निवलेल्या डोक्याचा माणूस सकाळी हिशेब नीट मांडतो, घरातल्यांशी नीट बोलतो. धारा काढून झाल्या की रोज दहा मिनिटे बसा. त्यासाठी पापडीलाच यायला हवे असे नाही. तुमची ओसरीही पुरेल.