कुस्को : सावकाश पाहावे असे नगर

पेरूची राजधानी लिमा समुद्रकाठी आहे. तेथून निघालेले विमान सुमारे सव्वा तासात तुम्हांला कुस्को नगरात, ३,४०० मीटर उंचीवर, आणून सोडते. लेहला जाऊन आलेल्यांना ही उंची परिचित वाटेल. इतरांनी कळसूबाईवर दुसरे कळसूबाई ठेवून पाहावे, तरी कुस्को थोडे वरच राहील. येथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश, आणि श्वासागणिक मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात. शरीर जुळवून घेते. मात्र त्याला काही दिवस द्यावे लागतात.

इंका साम्राज्याची ही राजधानी. हातुन रुमियोक या गल्लीत बारा कोनांचा प्रसिद्ध दगड आहे. चुन्याशिवाय एकमेकांत बसवलेल्या, किंचित आत झुकलेल्या या भिंतींच्या सांध्यांवरून बोट फिरवावेसे वाटते. तेथे हात लावू देत नाहीत, हे योग्यच. कोरिकांचा या सूर्यमंदिरावर स्पॅनिश लोकांनी सांतो दोमिंगो हा मठ उभारला. १९५० च्या भूकंपात मठाचा बराच भाग ढासळला आणि त्याआड दडलेल्या इंका भिंती शाबूत उभ्या दिसल्या.

पाठीवर सॅक घेऊन मित्रांसोबत हिंडण्याचा बेत साठीनंतरही अवश्य करावा. फक्त सान ब्लासच्या दगडी चढावर ती सॅक मुक्कामीच ठेवावी, आणि साक्सायवामानच्या प्रचंड तटबंदीकडे टॅक्सीने जाऊन पायी उतरावे.

उंचीपेक्षा मला भय वाटते ते भिडेचे. आमच्या चौघांच्या गटातील एक स्नेही पहिल्या संध्याकाळी जेवणाला नको म्हणाले. कारण विचारता ‘प्रवासाचा शीण’ एवढेच उत्तर. पुन्हा विचारले तेव्हा कळले, दुपारपासून डोके ठणकत होते, मळमळत होते. आपल्यामुळे इतरांचा दुसऱ्या दिवशीचा बेत बिघडू नये म्हणून ते गप्प होते. आम्ही तो बेत तेथेच मोडला. रात्री आळीपाळीने त्यांच्याजवळ बसलो आणि सकाळीही डोके उतरले नाही, तेव्हा उरुबांबाच्या खोऱ्यात, पाचशे मीटर खाली, गेलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपण होऊन न्याहारी मागितली. गटात सर्वांत हळू चालणाऱ्याची गती हीच सर्वांची गती, हे निघण्यापूर्वीच ठरवून टाका. म्हणजे कोणाला लपवावे लागत नाही.

डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही लक्षणे असताना आणखी वर चढू नये. पावले अडखळू लागली, बोलणे असंबद्ध झाले किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता वैद्यकीय मदत घ्यावी आणि खाली उतरावे.

शक्य असल्यास क्रमच उलटा ठेवा : विमानतळावरून थेट खोऱ्यात, तेथून २,४३० मीटरवरील माचू पिच्चू, आणि कुस्को शेवटी. हृदयविकार, दमा, रक्तदाब, पंडुरोग यांपैकी काही असेल, तर तिकिटे काढण्यापूर्वी डॉक्टरांना भेटा. अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध त्यांच्या सल्ल्यानेच घ्यायचे. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असल्यास आवर्जून सांगा. पहिल्या दोन रात्री मद्य नको, मनाने घेतलेली झोपेची गोळीही नको. रात्री किनोआचे गरम सूप पुरेसे होते.

घरी राहिलेल्या मुलासुनांनी फोनवर ‘सगळे ठीक ना?’ असे विचारू नये. त्याला ‘हो’ हेच उत्तर येते. काय जेवलात, झोप किती लागली, जिना चढताना किती वेळा थांबलात, असे विचारावे.

कुस्कोत पाहुण्याला कोकाच्या पानांचा चहा देतात. तेथे तो कायदेशीर आहे, चवीला गवती आणि सौम्य. औषधाची जागा मात्र तो घेत नाही. त्याची एकही पुडी आठवण म्हणून सामानात ठेवू नका, आपल्याकडे ती आणणे गुन्हा आहे.