आपलं नाव

३० सप्टेंबर २०२४, सोमवार. बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयाच्या आवारात बारावीतल्या एका मुलाचा कोयत्याने वार करून खून झाला. वार करणारेही तिथेच शिकणारे, अल्पवयीन. महिनाभरापूर्वी गाडीवरून झालेली बाचाबाची हे कारण, असं बातम्यांत आलं.

मी इंदापुरात होतो. बातमी मोबाईलवर आली तेव्हा मी आधी काय केलं, तर मारणाऱ्यांची नावं शोधली. अल्पवयीन म्हणून ती छापलेली नव्हती. एका आईचं बारावीतलं लेकरू गेलं होतं आणि मी ‘आपला’ कुणी नसू दे, म्हणून दुआ करत होतो. वाचणाऱ्यांपैकी कित्येकांनी त्या दिवशी हेच केलं असणार.

माझी भाची बारामतीच्याच दुसऱ्या एका कॉलेजात आहे. रोज एसटीने जाते. निमगाव केतकी, जंक्शन, लासुर्णे, भवानीनगर, असं पन्नासेक किलोमीटर. आपाने त्याच रात्री सांगून टाकलं, “उद्यापासून जायचं नाही. घरी बसून परीक्षा दे.” पोरीचं शिक्षण बंद करायला आपल्यात याहून लहान कारणंही पुरली आहेत.

दोन दिवसांनी भाचीला घेऊन बसलो. म्हटलं, आरडाओरडा ऐकू आला की बघायला जायचं नाही. उलट्या दिशेला पळायचं, दप्तर राहू दे, चप्पल राहू दे. बाहेर पडता येत नसेल तर वर्गात शिरून कडी लावायची, दाराला बाक लावायचे, मोबाईल सायलेंट. ५ जानेवारी २०२० ला दिल्लीच्या जेएनयूत तोंडं झाकलेले लोक काठ्या, सळया घेऊन साबरमती वसतिगृहात घुसले. पोरं कड्या लावून बसली होती, पण दारं-खिडक्या फोडल्या गेल्या. म्हणून नुसत्या कडीवर भरवसा नको, आणि काचेपासून लांब बसायचं. ११२ ला फोन लागला की आधी कॉलेजचं नाव, मग बाकीचं. मारणारे निघून गेल्यावर कुणी रक्तबंबाळ दिसलं तर ओढणीची घडी जखमेवर दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरायची. १०८ ची गाडी येईपर्यंत उचलून बघायचं नाही. आणि कुणी व्हिडिओ काढत उभा असेल तर त्याला खुशाल शिवी दे.

ती हसली. मग बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “मामू, आमच्या गाडीत दोघं आहेत.”

पंधरा दिवसांपासून एक जण दुसऱ्याला ‘उतर, मग दाखवतो’ म्हणत होता. एकदा मोबाईलवर कोयत्याचा फोटोही दाखवला होता. सगळ्या गाडीने ऐकलं होतं. आमच्याकडे ऊस, त्यामुळे कोयता घरोघर. फोटो बघून कोण दचकणार?

“सरांना का नाही सांगितलंस?”

“माझं नाव पुढं आलं तर? आणि मामू, आपलं नाव...”

वाक्य तिने तिथंच सोडलं. दोनच दिवसांपूर्वी मी नावं शोधली होती, तिला काय तोंडाने समजावणार?

दुसऱ्या दिवशी मीच कॉलेजात गेलो. ऑफिसातला माणूस म्हणाला, लेखी द्या, नाव-पत्त्यासकट. माझं लिहिलं, तिचं नाही. (त्यानंतर बारामतीत पोलिसांच्या शक्ती अभियानातून नाव न सांगता तक्रार टाकायच्या पेट्या बसल्या. तेव्हा त्या नव्हत्या.) एका मॅडमनी मात्र मनावर घेतलं. दोघांच्या घरच्यांना समोरासमोर बसवलं. भांडण निघालं सातशे रुपयांचं, उसने घेतलेले. बापांनाही पत्ता नव्हता. एकाने तिथल्या तिथे खिशातून पैसे काढून ठेवले, दुसरा नको नको म्हणत राहिला.

आपा आठवडाभर अडून बसली, मग पाठवू लागली. ते दोघे अजून त्याच गाडीला असतात. आता एकमेकांशी बोलत नाहीत, एक पुढं बसतो, एक मागं. गाडी जंक्शनला पोचायच्या वेळेला आपा रोज फोन करते. भाची वैतागते, पण उचलते.