जुना स्कॅनर आणि त्याचा दुभाषी



आमच्या टोरांटोच्या घरी एक जाडजूड जुना स्कॅनर आहे. मुंबईहून आणलेल्या आल्बममधले फोटो आम्ही त्याच्यावर कॉम्प्युटरमध्ये उतरवतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने बंद केला, म्हणून मुलाने विंडोज ११ चा नवा कॉम्प्युटर आणून दिला. स्कॅनर जोडला, दिवा लागला, पण पडद्यावर काही येईना. नात म्हणाली, "आजी, मेला तो. टाकून दे, नवीन घेऊ."

आमचा जन्म वॉर्डात गेला. दिवा लागतो, मोटार घुरघुरते, त्याला मेला कसा म्हणायचा?

मुलांनो, स्कॅनरची भाषा वेगळी, कॉम्प्युटरची वेगळी. दोघांच्या मधल्या दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात. इथल्या हॉस्पिटलात एखादी मराठी आजी आली की डॉक्टर आम्हाला हाक मारायचे. आजीला कुठे दुखतंय ते ठाऊक असायचं, फक्त इंग्रजीत सांगणारं कोणी नसायचं. तसंच हे. आमच्या स्कॅनरचा दुभाषी ३२ बिटचा, विंडोज ११ मात्र ६४ बिटचीच. ती त्याला दारात उभा करीत नाही, आणि कंपनीने नवा दुभाषी काढलाच नाही.

यावर इलाज आहे. एड हॅमरिक यांनी १९९८ साली व्ह्यूस्कॅन नावाचा प्रोग्राम काढला. तो सात हजारांहून अधिक स्कॅनर चालवतो. विकत घ्यावा लागतो, पण आधी फुकट करून पाहता येतो. तेव्हा फोटोवर डॉलरची चिन्हे उमटतात! आपले मॉडेल त्यांच्या यादीत आहे का, ते आधी पाहावे. लिनक्सवर सेन नावाचे साधन फुकट मिळते. तेही जमले नाही तर जुना कॉम्प्युटर इंटरनेटपासून तोडून फक्त स्कॅनरसाठी ठेवावा आणि फोटो पेनड्राइव्हवर घ्यावेत. आमचे काम व्ह्यूस्कॅनने झाले.

नवा का नाही घेतला? हल्लीच्या बऱ्याच पातळ, स्वस्त स्कॅनरना काचेला चिकटलेलाच कागद नीट दिसतो. आमच्या आल्बमची पाने फुगलेली. या जुन्याला थोडे वर राहिलेलेही दिसते.

एक चूक मात्र आमच्या हातून झाली. सुरुवातीचे फोटो आम्ही नुसते समोरून घेतले. मागे आईने पेन्सिलीने नावे लिहिली होती, ती राहून गेली. सगळे पुन्हा करावे लागले. अलिबागच्या मागेन अबोथ सिनेगॉगसमोरच्या एका लग्नाच्या फोटोमागे तर काहीच नव्हते. तो आम्ही लोदला थोरल्या बहिणीला पाठवला. तिने फोनवर एकेकाचे नाव सांगितले. "आणि ती कडेची परकरी पोरगी, ती तूच गं!" म्हणून हसली. आम्ही सगळे लिहून घेतले. पेसाखनंतर ती गेली. आल्बममध्ये असे नाव नसलेले आणखी फोटो आहेत, आणि आता विचारायचे कोणाला?

म्हणून वडीलधाऱ्यांना विनंती, आजच फोटोमागे मऊ पेन्सिलीने नावे लिहा. मराठीत लिहिलीत तरी चालेल. आणि मुलांनो, तुम्ही स्कॅन करताना दोन्ही बाजू घ्या. लहान फोटो ६०० डीपीआयवर घ्या, आणि आजी-आजोबांना शेजारी बसवून घ्या.