भिंतीवरची यादी आणि बँकेतला लिफाफा

२०२० साली महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेची यादी आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली. आरमोरीच्या बाजूचं धानाचं गाव आमचं. यादीत बाबांचं नाव होतं, त्यापुढे विशिष्ट क्रमांक आणि थकलेल्या पीककर्जाची रक्कम. लोक बोट फिरवत वाचत होते. कोणीतरी हसत म्हणालं, "भाऊ, एवढं होतं का गा?" बाबा गप्प राहिले. घरी आल्यावर म्हणाले, "माफ झालं ते बरं झालं, पण साऱ्या गावाले दाखवाची का गरज होती?"

मी त्यांना समजावलं, पैसा जनतेचा आहे, हिशोब उघडाच पाहिजे. मला हे आजही पटतं. पण मार्च २०२४ मध्ये माझंच वाक्य मला आठवलं आणि लाज वाटली.

निवडणूक रोखे आठवतात ना? २०१८ पासून ते फक्त स्टेट बँकेच्या ठरावीक २९ शाखांत मिळायचे, एक हजारापासून एक कोटीपर्यंतचे. घेणाऱ्याचं केवायसी बँकेकडे, पक्षाचं खातंही बँकेकडेच. कोणी कोणाला दिले हे मतदाराला मात्र कळायचं नाही. क्रमांक रोख्यावरही होता, पण तो साध्या डोळ्यांना दिसत नव्हता, अतिनील प्रकाशातच दिसायचा. असे १६ हजार कोटींच्या वर रुपयांचे रोखे विकले गेले.

१५ फेब्रुवारी २०२४ ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींनी ही योजना एकमताने रद्द केली. बँकेला सांगितलं, ६ मार्चपर्यंत माहिती द्या. बँकेने मुदत मागितली ३० जूनपर्यंतची. कारण काय, तर खरेदीची माहिती वेगळी, पक्षांनी वटवल्याची वेगळी, खरेदीदारांचे तपशील मुंबईत बंद लिफाफ्यात, जुळवायला वेळ लागेल.

आता तारखा बघा. आमच्या गडचिरोली-चिमूरचं मतदान पहिल्याच टप्प्यात, १९ एप्रिलला झालं. निकाल ४ जूनला. म्हणजे ३० जूनला माहिती आली असती तर आम्ही मत देऊन, निकाल ऐकून, धानाच्या पऱ्ह्यांच्या कामाला लागलो असतो!

११ मार्चला न्यायालयाने मुदतवाढ नाकारली. दुसऱ्याच दिवशी माहिती आयोगाकडे पोचली. तीही क्रमांकांशिवाय. पुन्हा फटकारल्यावर २१ मार्चला क्रमांक आले आणि मग पत्रकारांनी कोण कोणाचा देणगीदार ते जुळवून दाखवलं. सगळ्यात मोठी खरेदीदार निघाली एक लॉटरी कंपनी, १,३६८ कोटींची. सर्वाधिक रक्कम भाजपला मिळाली होती, पण तृणमूल, काँग्रेस, बीआरएस यांनीही कोट्यवधी घेतलेच. त्यामुळे "आमचा पक्ष स्वच्छ" म्हणत कमेंटमध्ये भांडू नका.

माझा मुद्दा बँकेचा आहे. काउंटरवर बसणाऱ्या पोरापोरींचा यात काही दोष नाही. पण एवढी मोठी बँक राजकारणात उतरते म्हणजे प्रचाराला जात नाही. कोणती माहिती कधी बाहेर येईल, एवढं जरी तिच्या हातात असलं तरी पुरे आहे. त्यात मालकी सरकारची. म्हणजे माहिती लपली कोणापासून? सत्तेपासून लपलीच असेल याची खात्री कोणी द्यावी? मतदारापासून मात्र नक्की लपली.

त्या दिवसांत बाबांना हे सगळं सांगितलं. थोडा वेळ विचार करून ते म्हणाले, "म्हणजे आपलं नाव भिंतीवर, अन् त्यांचं लिफाफ्यात?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. रोखे गेले, पण देणग्या थांबल्या नाहीत. इलेक्टोरल ट्रस्ट आहेत, रोकड तर आहेच. माझी मागणी साधी आहे. पीककर्जाची यादी जशी गावात लागते, तशी पक्षांच्या देणगीदारांची यादीही मतदानाच्या आधी लागली पाहिजे. पुढच्या वेळी कोणी मत मागायला दारात आलं तर रस्ता, नाली विचारालच. त्यासोबत हेही विचारा, भाऊ, तुमची यादी कुठल्या भिंतीवर आहे?