दोनशे ओळींचा उशीर

‘किंग लिअर’च्या पाचव्या अंकातला दुसरा प्रवेश पान उलटताना हातातून निसटून जावा इतका लहान आहे. एडगर आपल्या आंधळ्या बापाला, ग्लॉस्टरला, एका झाडाच्या सावलीत बसवतो आणि रणांगणाकडे निघून जातो. रंगमंचावर म्हातारा एकटा उरतो. दूर रणवाद्यं वाजतात, माघारीची खूण होते आणि एडगर धावत परत येतो. लिअर हरला, तो आणि त्याची मुलगी दोघंही पकडली गेली. एवढंच. ज्या लढाईसाठी कॉर्डेलिया फ्रान्सहून फौज घेऊन आली, ती दहा-बारा ओळींत संपते. लढाई कशी रंगवायची हे शेक्सपिअरला चांगलं ठाऊक होतं, ‘हेन्‍री द फिफ्थ’मध्ये त्याने ते केलंही होतं. इथे मात्र तो लढाई दाखवत नाही. डोळे काढलेल्या एका माणसाच्या कानांनी ती आपल्याला ऐकवतो.

हा अंक मी पुन्हा पुन्हा वाचते, आणि दर वेळी माझं लक्ष शब्दांपेक्षा वेळेकडे अधिक जातं. कशाला किती ओळी दिल्या आहेत? लढाईला दहा-बारा. आणि त्यानंतरच्या एका विसरण्याला जवळजवळ दोनशे.

तिसरा प्रवेश सुरू होतो तेव्हा बाप-लेक कैदी म्हणून समोर येतात. कॉर्डेलिया थोडंच बोलते, गॉनेरिल आणि रीगन या आपल्या बहिणींची एकदा गाठ घ्यायची का, असं विचारते. यानंतर नाटकात तिचा आवाज नाही. लिअर मात्र आनंदात आहे. या म्हाताऱ्याच्या तोंडी नाटकभर शाप होते, वादळाला दिलेली आव्हानं होती. आता तो तुरुंगात जायला आसुसला आहे. तिथे आपण दोघं गात बसू, एकमेकांचे आशीर्वाद आणि क्षमा मागू, दरबारात कोण चढला नि कोण पडला याच्या गप्पा करू. त्याला राज्य नको, सूड नको, फक्त ही मुलगी जवळ हवी. पहिल्या अंकात मुलीचं प्रेम शब्दांत मोजून घेणारा हा माणूस आता तिला काही विचारतदेखील नाही. ती रडते आहे, तो तिचे डोळे पुसायला सांगतो, आणि पहारेकरी दोघांना घेऊन जातात.

ती दोघं आत जाताच ग्लॉस्टरचा दुसरा मुलगा एडमंड एका अधिकाऱ्याच्या हातात एक चिठ्ठी ठेवतो. चिठ्ठीत काय आहे ते तो सांगत नाही. पण याच अंकाच्या पहिल्या प्रवेशात त्याने आपल्यालाच सांगून ठेवलं आहे की गॉनेरिलचा नवरा ऑल्बनी याला या दोघांना माफी द्यायची असली तरी ती त्यांच्यापर्यंत पोचणार नाही. म्हणजे प्रेक्षकाला कळायचं ते कळलेलं असतं. 1608 च्या क्वार्टो छपाईत त्या अधिकाऱ्याला दोन ओळींचं उत्तर आहे: गाडी ओढणं आणि कडबा खाणं आपल्याला जमणार नाही, माणसाने करायचं काम असेल तर करू. मला ही दोन वाक्यं या अंकातली सगळ्यांत भयंकर वाटतात. एडमंडच्या दुष्टपणामागे निदान एक जळती जखम आहे, अनौरस म्हणून सोसलेला अपमान आहे. या अधिकाऱ्याजवळ तसं काहीच नाही. मिळालेलं काम तो उरकणार आहे.

इथून पुढे उशीर सुरू होतो.

ऑल्बनी येतो आणि आल्याआल्या कैद्यांची मागणी करतो. त्याच क्षणी ते मिळते तर नाटक वेगळं झालं असतं. एडमंड उत्तर देतो की त्यांना आत ठेवलं आहे, उद्या हजर करू. ऑल्बनी त्याला त्याची पायरी दाखवतो, रीगन एडमंडच्या बाजूने उभी राहते, गॉनेरिल तिच्यावर तुटून पडते. प्रश्न कैद्यांचा होता, तो एडमंड कुणाचा यावर जातो. रीगनच्या पोटात बहिणीने दिलेलं विष भिनू लागतं. राजद्रोहाचा आरोप होतो. तीनदा तुतारी वाजते आणि तिसऱ्या तुतारीला तोंड झाकलेला एक अनामिक योद्धा येतो. द्वंद्व होतं, एडमंड कोसळतो, गॉनेरिलचं पत्र बाहेर निघतं, योद्धा आपलं नाव सांगतो. तो एडगर. भाऊ भावाला क्षमा करतो. मग ऑल्बनी विचारतो, इतके दिवस कुठे लपला होतास? आणि एडगर सांगू लागतो.

गोष्ट ऐकण्यासारखीच आहे. भिकाऱ्याच्या चिंध्या, बापाचे रक्ताळलेले डोळे, त्याचा हात धरून केलेली वाट, आणि शेवटी आपण कोण ते सांगितल्यावर त्या थकलेल्या हृदयाचं आनंद आणि दुःख यांच्या ओढाताणीत हसत फुटणं. ऐकताना मरणाच्या दारातला एडमंडसुद्धा हलतो. तो म्हणतो की या कथेने माझ्या मनाला स्पर्श केला, यातून कदाचित काही चांगलं घडेल. पण तू पुढे बोल, तुझं अजून काही सांगायचं राहिलेलं दिसतं.

पुढे बोल! त्या घटकेला एका माणसाला वाचवता येईल असं एक वाक्य एडमंडच्या ओठांवर आलेलं आहे, आणि तो गोष्टीचा उरलेला भाग मागतो. आपणही मागतो. पुढचं सगळं पाठ असूनही या जागी मन एडगरच्या मागे जातं, कॉर्डेलिया कुठल्या कोठडीत आहे हे त्याला आठवत नाही. शेक्सपिअर हे जाणूनबुजून करतो असं मला ठामपणे वाटतं. लग्नघराच्या धांदलीत आतल्या खोलीतल्या आजारी माणसाला पाणी द्यायचं राहून जावं, तशी ही चूक आहे. तिच्यात कुणाचाही वाईट हेतू नाही. नाटकात वाईट हेतूची माणसं पुष्कळ आहेत, पण कॉर्डेलियाच्या गळ्यातला फास आवळला जातो तो भल्या माणसांच्या गुंतून जाण्यामुळे. एडगर प्रामाणिक आहे, ऑल्बनी न्यायी आहे. ते रंगून ऐकत-सांगत असताना तिकडे वेळ संपते.

मग रक्ताने माखलेली सुरी घेऊन कुणी धावत येतो. गॉनेरिलने स्वतःला भोसकलं आहे, रीगन विषाने मेली आहे. दोघींची प्रेतं आणायला सांगितली जातात. एवढ्यात केंट येतो. धन्याने हाकलून दिल्यावर वेष पालटून त्याचीच चाकरी करत राहिलेला हा माणूस एकच चौकशी करतो: माझा राजा कुठे आहे? त्या शब्दांनी ऑल्बनी भानावर येतो. केवढी मोठी गोष्ट आपण विसरलो! पण तेव्हाही प्रेतं आत आणली जातात, आणखी काही ओळी जातात, आणि मग कुठे एडमंड सांगतो की किल्ल्याकडे माणूस धाडा, लवकर. माणूस पळतो. देव तिचं रक्षण करोत, असं ऑल्बनी म्हणतो न म्हणतो तोच लिअर कॉर्डेलियाला हातांवर घेऊन आत येतो.

लंडनच्या त्या काळच्या प्रेक्षकाला हा धक्का किती मोठा असेल याची कल्पना करायला हवी. लिअरची कथा त्याला माहीत होती, आणि तिचा शेवट असा नव्हता. 1605 साली छापलेल्या याच राजावरच्या जुन्या नाटकात म्हातारा राज्यावर परत बसतो. बाराव्या शतकातल्या मॉन्मथच्या जेफ्रीपासून चालत आलेल्या इतिवृत्तांतही मुलगी लढाई जिंकते आणि बापाला सिंहासन परत मिळतं. 1606 च्या 26 डिसेंबरला, नाताळच्या दिवसांत, राजा जेम्ससमोर व्हाइटहॉलला हे नाटक झालं तेव्हा कित्येक जण त्याच शेवटाची वाट पाहत बसले असतील.

पुढच्या पिढ्यांना हे सोसलं नाही. 1681 मध्ये नेअम टेटने नाटक नव्याने लिहिलं, विदूषकाला काढून टाकलं, कॉर्डेलियाला जगवलं आणि एडगरशी तिचं लग्न लावलं. जवळपास दीडशे वर्षं इंग्रजी रंगभूमीवर हाच लिअर चालला. सॅम्युअल जॉन्सनसारख्या कणखर समीक्षकाने 1765 च्या आपल्या आवृत्तीत लिहून ठेवलं की कॉर्डेलियाच्या मृत्यूने आपण इतके हादरलो होतो की संपादक म्हणून भाग पडेपर्यंत शेवटचे प्रवेश पुन्हा वाचवले नाहीत. एडमंड कीनने 1823 मध्ये शोकान्त परत आणला आणि 1838 मध्ये मॅक्रीडीने विदूषकासह मूळ नाटक उभं केलं. टेटला हसणाऱ्यांत मी नाही. त्याचा उपाय मला अमान्य आहे, पण त्याची वेदना खरी होती.

शिरवाडकरांनी ‘नटसम्राट’मध्ये, 1970 साली, या कथेचं बीज घेतलं तेव्हा त्यांनी केलेला बदल मला फार बोलका वाटतो. शेक्सपिअरच्या लिअरला राणी नाही. गणपतराव बेलवलकरांना कावेरी आहे. आणि त्यांच्या मुलांत कॉर्डेलिया नाही. त्यामुळे मुलीचं कलेवर हातांवर घेऊन येणारा बाप मराठी रंगमंचाला पाहायचा असेल तर विंदा करंदीकरांच्या ‘राजा लिअर’कडे जावं लागतं.

लिअर आरसा मागतो, तिच्या श्वासाने तो धुरकटतो का हे पाहायला. मग एक पीस हलल्यासारखं त्याला वाटतं. ती जिवंत आहे, ती गेली, ती जिवंत आहे, असं त्याचं मन हेलकावे खातं. केंट आपली ओळख पटवू पाहतो, इतक्या दिवसांच्या सेवेची ओळख, आणि लिअर त्याच्याकडे धड पाहतही नाही. एडमंड मेल्याची खबर येते. ऑल्बनी ती बाजूला सारतो. क्वार्टोत लिअर एकच नकार तीनदा उच्चारतो; 1623 च्या फोलिओत तो पाचदा येतो, अख्खी ओळ त्याच एका शब्दाने भरते, आणि नेहमीच्या चालीतल्या आघातांची जागा उलटते, जणू छातीचा ठोका उलटा पडतो. मग तो कुणाला तरी एक गुंडी सोडायला सांगतो आणि आभार मानतो. राजाची ही शेवटची आज्ञा, आणि ती विनंती आहे.

क्वार्टोत यानंतर तो आपल्याच हृदयाला फुटायला सांगतो. फोलिओत ते शब्द केंटकडे गेले आहेत, आणि लिअरला नव्या ओळी मिळाल्या आहेत: तिच्या ओठांकडे बघा, असं तो सांगतो आणि मरतो. काय दिसलं त्याला? 1904 मध्ये ए. सी. ब्रॅडलीने मांडलं की ती जिवंत आहे या आनंदात तो गेला. पुष्कळांना हे भाबडं वाटतं. मला वाटत नाही, कारण थोड्याच वेळापूर्वी एडगरने ग्लॉस्टरचं मरण नेमकं असंच सांगितलेलं असतं. ज्या गोष्टीपायी वेळ गेली, तिनेच हे मरण वाचायचं कसं तेही शिकवलेलं असतं. 1986 च्या ऑक्सफर्ड आवृत्तीने क्वार्टो आणि फोलिओ ही दोन स्वतंत्र नाटकं म्हणून छापली. ती शेजारी ठेवून वाचली की आणखी एक गोष्ट दिसते: एडगरच्या गोष्टीला जोडलेली केंटची हकिगत फोलिओत गाळली आहे. उशीर थोडा आखडला आहे, पण पुरेसा नाही.

राहतं राज्य. ऑल्बनी केंट आणि एडगर या दोघांनी मिळून ते चालवावं असं सुचवतो. पहिल्या अंकात राज्य वाटल्यामुळे जे झालं ते सगळं समोर प्रेतांच्या रूपाने पडलेलं असताना! केंट नकार देतो, त्याला धन्याच्या मागोमाग जायचं आहे. मग शेवटच्या चार ओळी येतात. क्वार्टोत त्या ऑल्बनीच्या आहेत, फोलिओत एडगरच्या, आणि मी फोलिओच्या बाजूची आहे. रिवाजाप्रमाणे बोलायचं सोडून आता जे जाणवतं तेच बोलू या, असं त्यांत म्हटलं आहे; कॉर्डेलियाने नाटकाच्या पहिल्या प्रवेशात नेमकं तेवढंच केलं होतं. हे एडगरनेच म्हणायला हवं. तो मघाशी किती बोलला, आणि बोलण्यात किती वेळ गेली, हे त्याला आता कळलेलं आहे. चार ओळींत तो आटपतो. मुकुट घेतो की नाही, ते सांगत नाही.