तासाला किती, आणि बसायला काय?

"तिकडे दुकानातला साधा कॅशियरसुद्धा तासाला हजार-बाराशे रुपये घेतो, माहितीये?"

हे वाक्य तुम्ही आयुष्यात किमान पाच वेळा ऐकलेलं असणार. ऑनसाइटहून परतलेला प्रत्येक जण पहिल्या महिन्यात एकदा तरी ते म्हणतोच. मग समोरचा मोबाइल काढतो, गुणाकार करतो, "म्हणजे महिन्याला दोन लाख??" असं म्हणून स्वतःच्या सॅलरी स्लिपची आठवण काढून हळहळतो, आणि विषय संपतो.

खरं तर विषय तिथे सुरू व्हायला हवा.

मी दोनेक वर्षं शिफ्टचं रोस्टर लावणाऱ्या एका सॉफ्टवेअरवर काम केलं. कोणत्या काउंटरवर कोण, किती वाजता, ओव्हरटाइम किती, वगैरे. गिऱ्हाईकं चार-पाच देशांतली. त्यातला अल्गोरिदम तसा रटाळच होता, मजा होती ती नियमांच्या फायलींत. प्रत्येक देशाचे कामगार कायदे वेगळे, म्हणून प्रत्येक देशाची फाइल वेगळी. त्या फायली वाचता वाचता मला दुकानातल्या नोकरीबद्दल जेवढं कळलं तेवढं कुठल्याही पुस्तकातून कळलं नसतं. म्हणजे बघा:

अमेरिका. केंद्र सरकारचं किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर. जुलै २००९ मध्ये ते लागू झालं आणि २०२५ संपलं तरी तेवढंच! आठवड्याला ४० तास, वर्षभर एकही सुट्टी न घेता काम केलं तर १५,०८० डॉलर होतात. रुपयांत तेरा लाखांच्या आसपास. आपल्याकडच्या फ्रेशरला घेरी येईल. पण त्या पगारात पूर्ण वेळ काम करणाऱ्याला दोन बेडरूमचं साधंसं घर परवडेल असं एकही राज्य त्या देशात नाही. बऱ्याच राज्यांनी स्वतःचे दर खूप वर नेले आहेत हे खरं (कॅलिफोर्नियात २०२५ मध्ये १६.५० डॉलर), पण मग तिथली घरभाडीही तशीच.

आता त्याच फाइलमधला सुट्ट्यांचा रकाना. केंद्राच्या कायद्याने मिळणारी भरपगारी रजा: शून्य. आजारपणाची भरपगारी रजा: शून्य. काही राज्यं आपल्या पातळीवर देतात, काही कंपन्या स्वतःहून देतात, पण कायदा म्हणून देशभर काही नाही. बाळंतपणासाठी १९९३ च्या कायद्याने १२ आठवडे, तेही बिनपगारी, आणि कंपनीत ५० माणसं असली तरच. वर आणखी एक गंमत. आठवड्याला सरासरी ३० किंवा जास्त तास काम करणाऱ्याला आरोग्य विमा देऊ करणं मोठ्या कंपन्यांना भाग आहे. त्यामुळे "या लोकांचे तास ३० च्या आत ठेवा" अशी अट रोस्टरमध्ये टाकता येते. कोडमध्ये ती एक ओळ असते. त्या ओळीच्या पलीकडे कुणाचा तरी इन्शुरन्स असतो.

जर्मनी. देशभरासाठी किमान वेतन आलं तेच मुळी २०१५ मध्ये, ८.५० युरो. २०२५ मध्ये ते १२.८२ झालं. पण खरी फाइल पुढेच आहे. वर्षाला किमान चार आठवडे भरपगारी रजा. आजारी पडलात तर सहा आठवड्यांपर्यंत मालक पूर्ण पगार देणार. रविवारी स्टेशनवरची वगैरे थोडी दुकानं सोडली तर सगळं बंद. आमच्या सिस्टिममध्ये जर्मनीचा रविवार चक्क करडा दिसायचा, त्यावर क्लिकच व्हायचं नाही :-)

ऑस्ट्रेलिया. जुलै २०२५ मध्ये किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर (त्यांचे) झालं. कायम नोकरीत नसलेल्या 'कॅज्युअल' माणसाला रजा नाही, म्हणून त्या बदल्यात २५ टक्के जास्त. रविवारी काम केलं तर कायम कामगाराला दीडपट. पूर्वी हे दुप्पट होतं, २०१७ मध्ये तिथल्या आयोगाने ते टप्प्याटप्प्याने कमी करायचा निर्णय दिला आणि त्यावरून बरंच रणकंदन झालं.

आणि डेन्मार्क! तिथे किमान वेतनाचा कायदाच नाही. संघटना आणि मालक समोरासमोर बसून दर ठरवतात, आणि ते दर चांगलेच ठरतात. पाच आठवड्यांची रजा मात्र कायद्याने.

आता आपला रकाना. तुम्हाला वाटेल तो रिकामा असेल. नाही हो! कागदावर आपण अमेरिकेच्या कितीतरी पुढे आहोत. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या दुकानात २०१७ पासून २६ आठवडे भरपगारी बाळंतपणाची रजा (पहिल्या दोन मुलांपर्यंत). ईएसआयसी लागू असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार, शिवाय दवाखाना. वीस किंवा जास्त माणसं असतील तर पीएफ. अमेरिकेतल्या कॅशियरला हे दाखवलं तर तो म्हणेल, मी येतो तुमच्याकडे.

तर सांगायचा मुद्दा असा की तुलनेच्या तक्त्यात एक रकाना कायम राहून जातो. 'लागू आहे का?'

माझी मावशी २१ वर्षं लक्ष्मी रोडवरच्या एका साडीच्या दुकानात आहे. सकाळी साडेदहा ते रात्री नऊ. पगार चौदा हजार. दुकान तीन मजली, माणसं पंचवीसेक. पण कागदावर दुकानं तीन: एक मालकाच्या नावावर, एक बायकोच्या, एक भावाच्या. प्रत्येकात मोजून आठ-आठ जण. म्हणजे दहाचा कायदा नाही की वीसचा नाही. कुठल्याही कन्सल्टंटला जमणार नाही असं हे आर्किटेक्चर त्या मालकाने स्वतःच्या डोक्याने केलंय.

मावशीच्या पोटऱ्यांवरच्या शिरा फुगल्यात. निळ्या-जांभळ्या, दोरीसारख्या. डॉक्टर म्हणाले, फार वेळ उभ्या राहू नका. (वा!) त्यांनी घट्ट मोजे लिहून दिले, ते ती घालते. मी एकदा तिला विचारलं, "मावशी, तुला पगार वाढवून हवा की आणखी काही?"

ती म्हणाली, "पगार तर हवाच रे. पण आधी एक स्टूल द्या म्हणावं. गिऱ्हाईक आलं की आम्ही उठूच की! पण दुपारी दोन ते चार दुकानात काळं कुत्रं नसतं. तेव्हा कुणासाठी उभं राहायचं?"

पूर्वी पेढीवर पांढरी गादी असायची. दुकानदारही बसायचा, गिऱ्हाईकही बसायचं, साड्या मधे पसरायच्या. मग शोरूम झाली, एसी आला, काचेचं काउंटर आलं आणि गादी गेली. गिऱ्हाईकासाठी सोफा आला. विकणारी उभी राहिली.

तेव्हापासून मी पगाराऐवजी स्टुलाची तुलना करायला लागलो, आणि ती फार बोलकी निघाली. इंग्लंडमध्ये १८९९ साली कायदा झाला: दुकानात काम करणाऱ्या दर तीन बायकांमागे किमान एक आसन. १८९९! जर्मनीत सुपरमार्केटचा कॅशियर बसूनच काम करतो, त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. उलट इतक्या श्रीमंत अमेरिकेत बहुतेक ठिकाणी तो उभा असतो. कॅलिफोर्नियाच्या नियमांत बसायची सोय द्या असं होतं, पण ती मिळेना म्हणून कॅशियर कोर्टात गेले, आणि २०१८ मध्ये वॉलमार्टने साडेसहा कोटी डॉलर देऊन तो दावा मिटवला.

आणि त्याच २०१८ मध्ये केरळने दुकान कायद्यात दुरुस्ती करून विक्रेत्यांना बसायचा हक्क दिला. हे सरकारला एका सकाळी सुचलेलं नाही. कोझिकोडच्या मिठाई गल्लीत काम करणाऱ्या बायकांना दिवसभर स्वच्छतागृहसुद्धा नव्हतं. पाणी प्यायचं नाही, म्हणजे जावं लागत नाही, असा हिशेब. त्या बायकांना विजी नावाच्या, स्वतः शिवणकाम करणाऱ्या बाईने 'पेणकूट्ट' या संघटनेत गोळा केलं. आधी स्वच्छतागृह मागितलं, मग खुर्ची. कित्येक वर्षं लागली. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसाच कायदा केला.

आपल्या देशात कारखान्यातल्या कामगाराला उभ्याने काम असेल तर बसायची सोय द्यावी, हे १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात, कलम ४४ मध्ये होतं. दुकानाला तो कायदा लागू नव्हता. देशभरासाठी ही तरतूद आली २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेत, आणि ती संहिता अमलात आली २१ नोव्हेंबर २०२५ ला. पुन्हा तेच: दहा किंवा जास्त माणसं असतील तर. आठ-आठची तीन दुकानं आहेतच.

आता प्रामाणिकपणे बोलायचं तर लक्ष्मी रोडचा मालक जर्मनीचा पगार देऊ शकत नाही. देशाची कमाई, भाडी, चलन, दुकानातली विक्री, सगळंच वेगळं. त्यामुळे "तिकडे तासाला बाराशे" ही तुलना करून मालकाला शिव्या घालण्यात अर्थ नाही. पण स्टूल चारशे रुपयांना मिळतं. त्याला जीडीपी लागत नाही. आपण गरीब देश आहोत म्हणून स्टूल देता येत नाही, असं कुणीही अर्थतज्ज्ञ सांगू शकणार नाही.

म्हणून मला वाटतं की दुकानातल्या नोकरीची तुलना करताना दोन ढीग वेगळे करावेत. एक, देश श्रीमंत आहे म्हणून मिळतं ते. दुसरं, कुणीतरी मागितलं, भांडलं, लावून धरलं म्हणून मिळतं ते. पहिल्या ढिगाबद्दल आपण तासन्‌तास बोलतो. दुसरा ढीग स्वस्त असतो आणि तरीही मिळत नाही, कारण मागणाऱ्या बाईला "उद्यापासून येऊ नका" एवढं म्हटलं की काम भागतं.

आणि आपण? माझी पाठ दुखते म्हटल्यावर एचआरने आठवड्यात लंबर सपोर्टवाली खुर्ची पाठवली. कुठला मोर्चा नाही, कोर्ट नाही. एक ईमेल. कारण मी गेलो तर दुसरा शोधायला त्यांना तीन महिने लागतात.

मालकाला विकणारीचं ऐकू येत नसेल, गिऱ्हाईकाचं मात्र लगेच येतं. आणि गिऱ्हाईक तर आपणच आहोत. पुढच्या वेळी साडी, बूट, मोबाइल काहीही घ्यायला गेलात की काउंटरच्या मागे एक नजर टाका. स्टूल नसेल तर सोफ्यावर बसायच्या आधी जरा मोठ्याने म्हणा, "ताई, तुम्हीही बसा ना, मग दाखवा." गल्ल्यावरच्या माणसाचा चेहरा नीट बघून ठेवा, आणि काय झालं ते मला नक्की सांगा.